कमानीखालचा पाव

आमच्या रावनकोबिंगचं जुनं नगरभवन पाडायचं, असं नगराध्यक्ष व्हिलाड्स क्रोग यांनी जाहीर केलं तेव्हा गावात जो गदारोळ झाला, तेवढा दुसऱ्या महायुद्धात जर्मन फौज गावात शिरली तेव्हाही झाला नव्हता. हे माझं नाही, आमच्या संपादकांचं मत. मी तेव्हा गावच्या छोट्या वर्तमानपत्रात बातमीदार होतो. बातम्या लिहायच्या, फोटो काढायचे आणि गाडीही आपणच चालवायची, अशी ती नोकरी होती. त्यामुळे पुढे जे घडलं त्यातलं बरंचसं माझ्या डोळ्यांसमोर घडलं.

इमारत तशी फार मोठी नाही. लाल विटांची, दुमजली. दोन्ही टोकांच्या भिंती वर निमुळत्या होत जातात, पायऱ्यापायऱ्यांनी. बाजारचौकाच्या बाजूला तळाशी तीन कमानी. मधल्या कमानीच्या वर दोन्हीकडून चढत येणारा दगडी जिना आणि मोठा दरवाजा. वर सभागृह, आणि सगळ्यात वर हिरव्या पडलेल्या तांब्याचा लहानसा मनोरा. दोन-अडीचशे वर्षांपूर्वी मोठ्या आगीत सगळं गाव जळालं, तेव्हा लोकांनी चर्चच्याही आधी हे बांधायला घेतलं. बाजाराचा वजनकाटा, न्यायालय आणि तुरुंग हे तिन्ही याच छपराखाली असायचे, आणि त्यांच्यावाचून गाव चालेना. तेव्हा गावात चांगला घरसुतार उरला नव्हता, म्हणून बंदरावरचे जहाजबांधणी करणारे सुतार आणले. त्यांना ठाऊक होतं तेच त्यांनी केलं. आजही माळ्यावर जाऊन वर पाहिलं तर उलटं करून ठेवलेल्या जहाजाच्या पोटात उभं असल्यासारखं वाटतं.

साठीच्या दशकात मात्र ते छप्पर गळत होतं. टंकलेखन करणाऱ्या मुली टेबलाशेजारी बादल्या ठेवून काम करायच्या. व्हिलाड्सनं नव्या इमारतीचा नकाशा मांडला: काँक्रीट, काचा, लिफ्ट आणि मागे गाड्या लावायला ऐसपैस जागा. त्यासाठी जुनी इमारत जायला हवी होती.

व्हिलाड्स माणूस वाईट नव्हता, हे मी आधीच सांगून टाकतो. गवंड्याच्या कामातून वर आलेला, रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा. कामगारांची घरं त्यानं बांधून घेतली, नवी शाळा आणली, खालच्या गल्लीतल्या प्रत्येक घरात नळ नेला. लोक त्याला मान द्यायचे. म्हणूनच कुणाला कळेना, की हा विटांचा माणूस या विटांच्या मुळावर का उठलाय.

त्याच्या विरुद्ध उभ्या राहिल्या ब्रील बाई. आग्नेते ब्रील, शाळेत चित्रकला शिकवून नुकत्याच निवृत्त झालेल्या. अर्धं गाव त्यांचं विद्यार्थी. उंच, सडपातळ, सायकलवर ताठ बसून जायच्या, आणि वर्गात मिळवलेला आवाज त्यांनी अजून खाली ठेवला नव्हता. दर शनिवारी बाजारच्या दिवशी त्या कमानीखाली टेबल मांडून बसायच्या आणि लोकांच्या सह्या घ्यायच्या. एका शनिवारी व्हिलाड्स चौकातून जात होता. बाईंनी हाक मारली.

"नगराध्यक्ष, या की इकडे! की सही करायची भीती वाटते?"

तो थांबला, पण कमानीच्या आत आला नाही. बाहेर पावसातच उभा राहिला.

"बाई, तुम्ही बसा खुशाल. तुमचं हे सौंदर्य वरून टपटप गळतंय आमच्या मुलींच्या डोक्यावर."

"मग छप्पर दुरुस्त करा. डोकं दुखलं म्हणून कुणी डोकं कापतं का? आणि तुम्ही तर गवंडी. गवंड्याला पाडायची एवढी घाई?"

"कुठली भिंत ठेवायची आणि कुठली नाही, हे गवंड्यालाच कळतं."

मासे विकणाऱ्या बायका हसल्या. व्हिलाड्स टोपी खाली ओढून निघून गेला. बाई मला म्हणाल्या, "लिहा हं हे, माल्ते. काना-मात्रा चुकवू नका." मी लिहिलं, आणि त्या आठवड्यातला अंक हातोहात खपला.

मग ठरलं, की छपराची एकदा नीट तपासणी करायची. एका दुपारी मोठ्या शहरातून एक तज्ज्ञ आला. व्हिलाड्स, ब्रील बाई आणि मी, सगळे शिडीनं माळ्यावर चढलो. तज्ज्ञ हातोडीनं तुळया ठोकत फिरला. दोन-तीन ठिकाणी भुसा पडला, बाकी सगळीकडून टणक आवाज आला.

"टोकं कुजलीत तेवढी बदलावी लागतील," तो म्हणाला. "बाकीचं ओक आहे. आपण सगळे गेलो तरी हे राहील."

"राहील म्हणजे काय?" व्हिलाड्स एकदम म्हणाला. आनंदाची बातमी ऐकल्यावर माणूस असं बोलत नाही.

तज्ज्ञ गेला. आम्ही तिघं खाली सभागृहात आलो. छताच्या तुळयांवर जुनी रंगवलेली वेलबुट्टी, भिंतीवर ओळीनं जुन्या नगरसेवकांच्या तसबिरी. मी कॅमेरा आवरत होतो. ब्रील बाई खूश होत्या. चौकाकडची एक खिडकी उघडून त्या तिच्या कट्ट्यावर चक्क बसल्या.

"ही माझी जागा," त्या म्हणाल्या. "वडील नगरसेवक होते ना. शनिवारी त्यांची बैठक असली की मला बरोबर आणायचे. मी इथं बसून बाजाराची चित्रं काढायची. माणसं इवलीइवली दिसायची. घोडे, टोपल्या, रांगेतल्या बायका. मला चित्रकला या खिडकीनं शिकवली, व्हिलाड्स. तुम्ही ही पाडणार म्हणता तेव्हा मला माझी शाळाच पाडल्यासारखं वाटतं!"

"कुठली वर्षं ही?" त्यानं विचारलं.

"पहिलं महायुद्ध चालू होतं. मी दहा-अकरा वर्षांची असेन."

व्हिलाड्स भिंतीला टेकून उभा होता. तिथूनच म्हणाला, "मग तुम्ही माझंही चित्र काढलं असेल."

बाईंना कळलं नाही. मलाही नाही.

"रांगेतल्या बायका म्हणालात ना. ती रांग पावाची. गरिबांना नगरपालिका शनिवारी पाव द्यायची, खाली कमानीत, भर बाजारात, सगळ्यांच्या देखत. पावावर गावाचा शिक्का असायचा, म्हणजे तो कुणाला विकता येऊ नये. वीटभट्टीवर माझ्या बापाचा हात यंत्रात गेला, आणि त्या हिवाळ्यात आई आणि मी त्या रांगेत उभे असायचो. शाळेत माझ्या डब्यात तो शिक्क्याचा पाव दिसला की पोरं ओरडायची, 'नगरपाव, नगरपाव!' पुढे चार वर्षं माझं नाव तेच होतं."

"मला हे..." बाई म्हणाल्या.

"थांबा. अजून आहे. तो पाव मिळायच्या आधी समितीपुढे यावं लागायचं. इथं, या सभागृहात. पुढच्या जिन्यानं नाही हं, तो सभ्य लोकांचा. आमच्यासारख्यांना मागून, तुरुंगाच्या अंगणातून, तो अंधारा लाकडी जिना. माझी आई शिवणकाम करायची. तिच्याकडे एक चांगला निळा कोट होता, लग्नातला. चांगल्या माणसांपुढे जायचं म्हणून तो घालून आली. तर समितीतला एक जण म्हणाला, 'असला कोट अंगावर आहे, मग पाव कशाला हवा?' सगळे हसले. पुढच्या शनिवारी आई कोटाशिवाय रांगेत उभी राहिली. बर्फात. तो घालून आली तर पाव बंद होईल, अशी तिला भीती वाटली. मी तिचा हात धरला होता. तिचा हात असा थडथड उडत होता, बाई, की मला वाटलं, मी सोडला तर ती पडेल."

खाली चौकात कुणीतरी रिकाम्या पेट्या आपटत होतं. बाईंनी हळूच खिडकी लावून घेतली.

"कोण बोललं ते? समितीतलं?"

"नाव आईनं कधी सांगितलं नाही. मी दाराशी उभा होतो, मला फक्त पाठी दिसल्या." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "हे छापायचं नाही, माल्ते."

मी मान हलवली. तो अंगणाच्या बाजूनं निघून गेला. ब्रील बाई तिथंच उभ्या राहिल्या, तसबिरींकडे बघत. त्यांतली तिसरी तसबीर त्यांच्या वडिलांची होती, थेओडोर ब्रील, कापडाचे व्यापारी.

"माल्ते," त्या म्हणाल्या, "माझे वडील कुणाच्याही अंगावरचं कापड आधी बघायचे. माणूस नंतर."

पुढच्या शनिवारी कमानीखाली टेबल नव्हतं. लोक विचारायला लागले, बाई आजारी आहेत का? त्या आजारी नव्हत्या. त्या माझ्या कचेरीत आल्या आणि म्हणाल्या, "तुमची गाडी काढा. मला वृद्धाश्रमात जायचंय."

व्हिलाड्सची आई अजून होती. सिडसेल क्रोग, ऐंशीच्या घरातली. पाय गेले होते, पण जीभ शाबूत होती. आम्ही गेलो तेव्हा ती खिडकीत बसून कुणाच्या तरी मोज्याला टाच विणत होती. बाईंनी उभ्या उभ्याच नाव सांगितलं.

"ब्रील?" म्हातारी म्हणाली. "ते सांगायची गरज नाही. नाक तेच आहे. बसा."

"आजी, तो कोट... ते माझे वडील होते का?"

"होते."

"मी माफी मागायला आलेय."

"तुम्ही? तुम्ही तेव्हा केवढ्या होतात? खिडकीत बसून पेन्सिल चावणारी पोर. मी बघायची की तुम्हाला. मला वाटायचं, हिला तरी शेकोटी मिळतेय." तिनं सुया खाली ठेवल्या. "तुम्हाला कुणी सांगितलं हे? व्हिलाड्सनं? त्याच्या लक्षात आहे अजून?"

"त्यामुळेच तर ते नगरभवन पाडतायत, आजी," मी मध्येच म्हणालो. मला वाटतं हे कारण तिला कुणीच सांगितलं नव्हतं. इमारत जाणार एवढंच तिला ठाऊक होतं.

म्हातारीनं मांडीवरचा मोजा बाजूला टाकला. "गाढव आहे माझा मुलगा," ती म्हणाली. "त्याला बोलवा. आणि मला तिथं न्या. पुढच्या जिन्यानं. एकदाही चढले नाहीये मी त्या जिन्यावरून. पाडायचंच असेल तर माझं चढून झाल्यावर पाडा म्हणावं."

रविवारी चर्च सुटल्यावर आम्ही तिला नेलं. व्हिलाड्स रागानं लाल झाला होता. बाईंकडे त्यानं बघितलंही नाही. पण आईपुढे त्याचं काही चाललं नाही. एक मजबूत खुर्ची घेतली, एका बाजूनं त्यानं उचलली, दुसऱ्या बाजूनं मी. दगडी जिना चढताना म्हातारी सूचना देत होती.

"हळू! मी काही वाळूची गोण नाही. व्हिलाड्स, डावीकडे कललीय. गवंडी म्हणे! साधी पातळी कळत नाही."

मोठ्या दरवाज्यात आम्ही टेकलो. तिनं दाराच्या पितळी मुठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "चला."

सभागृहात तिला नगराध्यक्षाच्या खुर्चीत बसायचं होतं. बसवलं. ती जरा चुळबुळली. "टणक आहे. म्हणूनच इथं बसणारा प्रत्येक जण चिडका." मग तिनं सगळीकडे पाहिलं. छत पाहिलं, खिडक्या पाहिल्या. थेओडोर ब्रीलच्या तसबिरीपाशी तिची नजर थांबली.

"मी ती काढून नेते," बाई घाईनं म्हणाल्या. "आजच नेते."

"कशाला? राहू दे. इथं कोण बसलंय ते बघू दे त्याला." आणि ती हसली, दातांशिवाय, मनापासून. "व्हिलाड्स, इकडे ये. तुला माहितीये का, त्या रांगेत आम्ही काय काय बोलायचो? कोळ्याची आन्ना, लंगड्या पेटरची बायको आणि मी? एकेका नगरसेवकाची अशी नक्कल करायचो! आन्ना तर ब्रीलची चाल चालून दाखवायची, पोट पुढे काढून. पावसाचं, बर्फाचं त्या कमानीखाली पोचलं की निदान कोरडं असायचं. घरात काय होतं? तुझ्या बापाचं कण्हणं आणि विझलेली चूल. मी शनिवारची वाट बघायची रे."

व्हिलाड्सचा चेहरा असा झाला, की मी दुसरीकडे पाहिलं.

"तू रडली होतीस," तो म्हणाला. "या मागच्या जिन्यात. मी पाहिलं होतं."

"रडले होते. त्या दिवशी. तो कोट मी विसरले, असं समजू नकोस. पण एक दिवस रडले आणि झालं. तू पन्नास वर्षं कशाला रडतोस?"

"तुझं झालं म्हणून माझंही व्हायला पाहिजे का, आई?" त्याचा आवाज चढला. "तू हसत होतीस, आन्ना हसत होती. मी खाली उभा होतो, तुमच्या कमरेएवढा. मला कुणी हसवलं नाही. मला फक्त तुझा हात कळत होता. तू हसलीस म्हणून ते पुसलं जात नाही."

म्हातारीचं हसू गेलं. मला वाटलं, आता ती काहीतरी टोचून बोलेल. पण ती म्हणाली, "खरं आहे. ते मला कधी सुचलंच नाही." मग तिनं हात पुढे केला. तो मोठा, साठीकडे झुकलेला गवंडी खुर्चीशेजारी गुडघ्यावर बसला आणि त्यानं तो हात दोन्ही हातांत धरला. ब्रील बाईंनी मला डोळ्यांनी खुणावलं. आम्ही दोघं बाहेर जिन्यावर जाऊन थांबलो, बरंच थांबलो.

मतदानाच्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. जिन्यावरही लोक उभे होते. बाई मागच्या बाकावर बसल्या होत्या. त्यांनी बोलायला नकार दिला, तेव्हा त्यांच्याच बाजूचे लोक चिडले. मतं समसमान पडली. आता नगराध्यक्षाच्या मतावर सगळं. व्हिलाड्स उभा राहिला.

"मला ही इमारत आवडत नाही," तो म्हणाला. "तुम्ही मला कितीही समजावलंत, तरी आवडणार नाही. माझी आई खाली कमानीत पावासाठी उभी राहायची आणि मी तिच्याबरोबर. तुमच्यातल्या काहींच्या आयाही तिथं उभ्या होत्या, ते तुम्ही बोलत नाही, मीही आजवर बोललो नाही. मला वाटायचं, भिंती गेल्या की ते जाईल. आता वाटतं, भिंती गेल्या की ती तिथं उभी होती हेच कुणाला खरं वाटणार नाही. मी पाडण्याच्या विरोधात मत देतो. एक अट आहे. दुरुस्ती करताना मागचा जिना कुणी सुंदर करायचा नाही. आहे तसा ठेवायचा. आणि यापुढे जो कुणी इथं काही कामासाठी येईल, मदत मागायला येईल, तो पुढच्या दारानं येईल."

टाळ्या लगेच वाजल्या नाहीत. आधी कुणीतरी नाक शिंकरलं. खालच्या गल्लीतला एक म्हातारा पाववाला उठून उभा राहिला, मग त्याच्या शेजारचा, आणि हळूहळू बरेच जण उभे राहिले. त्या दिवशी मला कळलं की आमच्या गावातल्या किती घरांत शिक्क्याचा पाव आलेला होता.

त्याच्या पक्षातल्या लोकांनी मात्र त्याला माफ केलं नाही. नव्या इमारतीसाठी वर्षभर राबलेल्या माणसांना त्यानं तोंडघशी पाडलं, असं ते म्हणत, आणि त्यांचंही चूक नव्हतं. पुढच्या निवडणुकीत त्याला उमेदवारी मिळाली नाही. काचेची कचेरी पुढे रेल्वे स्टेशनजवळ झाली, दुसऱ्याच्या कारकिर्दीत. व्हिलाड्स पुन्हा थापी घेऊन बसला, शिकाऊ गवंड्यांना शिकवायला.

सिडसेल आजी पुढच्या वसंतात गेली. अंत्ययात्रेला ब्रील बाई आल्या आणि चर्चमध्ये शेवटच्या ओळीत बसल्या. त्यांची आणि व्हिलाड्सची मैत्री वगैरे झाली नाही. रस्त्यात भेटले की तो टोपीला हात लावायचा, त्या सायकलवरून मान तुकवायच्या. पण त्या शाळेच्या मुलांना नगरभवन दाखवायला न्यायच्या, तेव्हा छताची वेलबुट्टी, जहाजी सुतारांच्या तुळया सगळं दाखवून झाल्यावर त्यांना मागच्या जिन्यात न्यायच्या, एकेकाला अंधारात चढून यायला लावायच्या, आणि मग वडिलांच्या तसबिरीपुढे उभ्या राहून सगळं सांगायच्या, स्वतःचं आडनाव न गाळता. काही पालकांना ते आवडायचं नाही. बाईंनी कुणाचं ऐकलं नाही.

वरचं सभागृह आता लग्नं लावायला देतात. व्हिलाड्सच्या नातीचं लग्न तिथंच झालं, नाताळच्या आदल्या आठवड्यात. तो तेव्हा फार थकला होता. लोकरीच्या मफलरमध्ये गुंडाळलेला, पहिल्या रांगेत बसलेला. मी त्याच्या मागे होतो. विधी चालू असताना तो माझ्याकडे वळला आणि कुजबुजला, पण इतक्या मोठ्यानं की नवरीलाही ऐकू गेलं:

"केवढी थंडी आहे इथं, माल्ते! काचेच्या इमारतीत निदान ऊब असती."

नवरी हसायला लागली, मग सगळेच हसायला लागले, आणि लग्न लावणाऱ्या अधिकारी बाईंना जरा वेळ थांबावं लागलं.